स्तन काढण्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय

प्रश्न: मी ४६ वर्षांची, अंगणवाडी सेविका आहे. डाव्या स्तनात चार सेंटिमीटरची गाठ निघाली, काखेतली गाठही कॅन्सरचीच निघाली. केमोचे आठही डोस झाले. आता पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढणार आहेत, त्यानंतर रेडिएशन ठरलंय. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. प्लास्टिक सर्जन म्हणाले, पोटाची चरबी घेऊन त्याच वेळी नवा स्तन करता येईल. सासूबाई म्हणतात, या वयात कशाला हवंय ते? मला मात्र हवंय. पण शुगर आहे, एचबीए१सी ८.४ आलंय. आणि डॉक्टरांना सांगितलेलं नाही, पण गेली वीस वर्षं मी रोज सकाळी मशेरी लावते. नवा स्तन आत्ताच करून घेऊ की नंतर? नळी लावून घरी पाठवतात म्हणे, ती कशी सांभाळायची? हात पहिल्यासारखा कधी चालेल?
एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, मशेरीपासूनच सुरुवात करू. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

मशेरीतलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. स्तन काढल्यावर छातीवर जी कातडी उरते ती पातळ असते आणि अशाच बारीक वाहिन्यांवर जगते. रक्त कमी पडलं की टाक्यांच्या कडा काळ्या पडतात, जखम उघडते, आणि ती भरेपर्यंत रेडिएशन थांबतं. पोटाच्या चरबीच्या ऑपरेशनात तर धोका आणखी मोठा. तिथे नव्या स्तनाचं सगळं रक्त जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या एका धमनीतून येतं, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली जोडलेली असते. म्हणूनच अशा ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवी असते. तुमच्या हातात तीनच आठवडे आहेत. तेव्हा मशेरी आजच बंद करा. तिच्याऐवजी तपकीर, गुल काही चालणार नाही, तीही तंबाखूच. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल आणि पोट साफ होणार नाही. बायका बहुतेकदा याच कारणासाठी पुन्हा मशेरीकडे वळतात. रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल घ्या आणि सकाळी उठल्या उठल्या दोन पेले पाणी प्या. आणि सर्जन व भूलतज्ज्ञ दोघांनाही हे स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. कातडी किती ठेवायची, टाके किती ताणायचे हे ते यावरूनच ठरवतात.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, रेडिएशन ठरलेलं, एचबीए१सी आठच्या वर, आणि मशेरी आजपर्यंत चालू, तर आमचा कल स्पष्ट आहे: आत्ता फक्त स्तन आणि काखेतल्या गाठी काढून घ्या, नवा स्तन रेडिएशननंतर करा. निर्णय अर्थातच तुमचा आणि तुमच्या सर्जनचा. पण कारणं समजून घ्या.

रेडिएशनने ऊती कडक होतात, आकसतात. सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे आत बसवलेली कृत्रिम पिशवी, असेल तर त्याच्याभोवती शरीर जे पातळ आवरण तयार करतं ते जाड होऊन आवळतं. स्तन वर सरकतो, घट्ट होतो, दुखतो. पोटाच्या चरबीचा स्तन हे त्यामानाने सोसतो, पण तोही काही जणींचा लहान होतो किंवा आतल्या चरबीच्या कडक गाठी होतात. मग पुन्हा सुया, पुन्हा तपासण्या, आणि प्रत्येक गाठीला ‘परत आला की काय’ ही धास्ती. दुसरं असं, की मोठं ऑपरेशन म्हणजे मोठी गुंतागुंत होण्याची शक्यता, आणि तुमच्या बाबतीत रेडिएशन लांबणं परवडणारं नाही. एकत्र करणं चूक असतं असं नाही. गाठ लहान, रेडिएशनची गरज नाही, शुगर-तंबाखू नाही अशा बाईला आम्ही उलटच सांगितलं असतं, की भूल एकदाच घ्या, त्याच वेळी करून घ्या.

नंतर करण्याला मुदत नसते. रेडिएशन संपल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर कातडी निवू देतात. दोन वर्षांनी, पाच वर्षांनीही करता येतं.

सासूबाईंबद्दल एवढंच. स्तन परत हवासा वाटणं ही हौस नव्हे आणि त्याला वयाची अटही नाही. एका बाजूचं वजन गेलं की खांदा वर चढतो, पाठ दुखते, ब्लाउज सरकतो, लहान मुलाला कडेवर घेताना त्याच बाजूचा तोल जातो. आणि यातलं काहीही झालं नाही, तरी ‘मला हवंय’ हे कारण पुरेसं आहे.

आत्ता सर्जनना एक गोष्ट मुद्दाम सांगा: ‘छाती सपाट आणि नीट बंद करा, काखेच्या कडेला कातडीची घडी ठेवू नका.’ नंतर पुनर्रचना, म्हणजे नवा स्तन, होणार म्हणून काही वेळा जादा कातडी ठेवली जाते. ती काखेत लोंबते, ब्रा काचते, आतून ओल राहते. पोटाच्या ऑपरेशनात नवी कातडी पोटावरूनच येते, त्यामुळे त्या घडीचा फारसा उपयोगही नसतो.

या तीन आठवड्यांत काय करायचं ते आता. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, ते लगेच खाली येणार नाही. पण रोजची साखर येते, आणि जखमेला तीच महत्त्वाची. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ऑपरेशनच्या सुमारास साखर १८०च्या आत ठेवायची असते, थोडे दिवस इन्सुलिन लागलं तर घाबरू नका. गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव असेल तर आवर्जून दाखवा. त्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी, काढे, भस्मं, ‘शक्तीची’ चूर्णं, जे काही घेत असाल ते पाकिटासकट न्या.

प्रथिनं वाढवा. वजन ६० किलो असेल तर दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम लागतात, आणि आपल्या पोळी-भाजी-भाताच्या ताटात त्याच्या निम्मीच असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत सहा ते आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच शिजलेल्या चिकनमध्ये किंवा माशात वीस-पंचवीस. ऑपरेशननंतर घरातली वडीलधारी माणसं अंडी, मासे, डाळ बंद करायला सांगतील, ‘आंबट खाल्लं की जखम चिघळते’ असंही म्हणतील. ताक, लिंबू, टोमॅटोने जखम चिघळत नाही. जखम चिघळते ती साखरेने, तंबाखूने आणि जंतूंनी.

आज संध्याकाळी एक काम करा. शिवणाची टेप घ्या आणि दोन्ही हातांचा घेर मोजा: मनगटाशी, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटरवर, कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर. तारखेसह लिहून ठेवा. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, नुसती एक-दोन गाठ तपासणीला काढली तर साधारण शंभरात पाच जणींना, सगळ्या काढल्या तर जवळपास वीस जणींना. दोन सेंटिमीटरचा फरक नुसत्या नजरेला कळत नाही, आणि आधीचा आकडा नसेल तर डॉक्टरांनाही तो सांगता येत नाही.

घर असं लावून ठेवा की महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यावा लागणार नाही. कुकर, पिठाचा डबा, रोजची भांडी कंबरेच्या उंचीवर आणा. डाळ-भाताने भरलेला पाच लिटरचा कुकर पाच-सहा किलोचा होतो. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. कळशी, बादली, पिळायचे कपडे, कणीक तिंबणं आणि अंगणवाडीतली मुलं उचलणं, सगळं त्यात आलं. पुढून हुक असलेले सैल ब्लाउज आणि पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन काढून ठेवा. काखेतले केस ब्लेडने काढू नका. बारीक जखमांतून जंतू शिरतात. गरज असेल तर दवाखान्यात मशीनने कापतात. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, नथ घरीच ठेवा, नेलपॉलिश काढा. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात तेव्हा रंग आड येतो. डाव्या हातात बांगड्या पुन्हा घालायची घाई नको. पुढेही सैल घाला. काचेची बांगडी फुटून लागलं तर त्या हाताला साधी जखमही महागात पडते.

आता नळी. ऑपरेशन साधारण दोन-तीन तासांचं, आणि बहुतेक जणी दोन ते चार दिवसांत घरी जातात. पण कातडीखालच्या रिकाम्या जागेत पाझरणारं पाणी बाहेर यायला हवं, म्हणून एक किंवा दोन नळ्या घरी सोबत येतात. नळीच्या टोकाला चुणीदार बाटली असते. ती दाबून चपटी करून बंद केली की फुगताना आतलं पाणी ओढून घेते. ती ओढ राहिली तरच नळीचा उपयोग.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा वेळा ठरवा. हात साबणाने धुवा. आधी नळी मोकळी करायची: छातीजवळ नळी डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे टाक्याला ताण बसणार नाही, आणि उजव्या हाताची दोन बोटं सॅनिटायझरने ओली करून नळी दाबत बाटलीपर्यंत सरकवत न्या. रक्ताचे धागे पुढे सरकलेले दिसतील. असं दोन-तीनदा. मग बाटलीचं झाकण उघडा, पाणी मापाच्या पेल्यात ओता, मिली वाचा. बाटली पूर्ण चपटी दाबा आणि दाबलेली असतानाच झाकण लावा. हात आधी सोडला आणि झाकण नंतर लावलं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बाटली फुगलेलीच राहते, ओढ शून्य. तारीख, वेळ, मिली आणि रंग वहीत लिहा. दोन नळ्या असतील तर दोन रकाने. तुम्हाला वाकून वाचणं जमणार नाही, हे काम घरच्या कुणालातरी आधीच शिकवून ठेवा, सासूबाईंना सांगितलं तरी चालेल.

पहिल्या दिवशी शंभर-दीडशे मिली आलं तर दचकू नका. रंग लाल, मग गुलाबी, मग पेंढ्यासारखा पिवळसर होत जातो. चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली, सलग दोन दिवस, असा हिशेब आला की नळी काढतात. काखेतल्या गाठी काढल्यावर याला दहा ते पंधरा दिवस लागतात, कधी जास्तही. काढायची घाई करून घेऊ नका. नळी लवकर निघाली तर पाणी आत साचतं, छातीत डुचमळल्यासारखं वाटतं. मग दवाखान्यात सुईने काढावं लागतं. ते फारसं दुखत नाही, कारण तिथली कातडी बधिर असते.

बाटली कधीही जखमेच्या वर धरायची नाही. जुन्या साडीचे दोन लांब बंदांचे बटवे शिवून घ्या, दिवसा परकराच्या नाडीला अडकवायला आणि अंग पुसताना गळ्यात. बाटली मोकळी लोंबकळत राहिली की दाराच्या कडीत अडकते. नळी निघेपर्यंत आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं.

बाटली दाबूनही लगेच फुगते, म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय: झाकण, जोड, किंवा नळीचं छिद्र कातडीबाहेर आलंय. नळी थोडी बाहेर आली तर आत ढकलू नका, चिकटपट्टीने जागच्या जागी धरून दवाखान्यात जा. पाणी एकदम थांबलं आणि छाती फुगायला लागली तर नळीत रक्ताची गुठळी अडकलीय. बाटली तासाभरात लालभडक रक्ताने भरली, छाती काही तासांत टणक झाली, ताप १००.४च्या वर गेला, जखमेभोवतीची लाली पसरू लागली, पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा.

जखमेवर हळद, तेल, राख काही नको. आणि गरम पिशवीचा शेक छातीला, काखेला, दंडाच्या आतल्या बाजूला मुळीच नको. तिथल्या संवेदनेच्या नसा कापल्या किंवा ताणल्या जातात. चटका बसतो आणि कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं.

हाताचा व्यायाम ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो. मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं-सरळ करणं, खांदे वर-खाली. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. केस स्वतः विंचरा. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. झोपताना पाठीवर, डाव्या हाताखाली उशी.

नळी निघाली की भिंतीचा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी चढत जायचं, जिथे ताण जाणवेल तिथे पाच आकडे मोजायचे आणि पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायची. रोज बोटभर वर गेलं तरी पुरे. दुसरा व्यायाम आडवं पडून: लाटणं किंवा काठी दोन्ही हातांनी धरून डोक्यामागे न्यायची. वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी घेतलीत तर हे सुसह्य होतं. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसलात तर तीन आठवड्यांत खांदा आखडतो, आणि मग रेडिएशनच अडतं. कारण रेडिएशनच्या टेबलावर तो हात डोक्याच्या वर ठेवून रोज दहा-पंधरा मिनिटं हलायचं नसतं. चार ते सहा आठवड्यांत दंड कानाला लागला पाहिजे, हे तुमचं माप.

साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काखेतून कोपराकडे कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी दोरी लागते, कधी मनगटापर्यंत. बायका याने फार घाबरतात. तो कॅन्सर नव्हे. काखेतल्या लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, कापल्यामुळे त्या अशा आखडतात. फिजिओथेरपिस्टकडे जा, ताण देत राहा. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ती विरते.

हलका स्वयंपाक दोन-तीन आठवड्यांत, चार-दोन पोळ्या लाटणं महिन्याने, अंगणवाडी सहा आठवड्यांनी पण मुलं न उचलता. त्यानंतर वजन हळूहळू वाढवायचं. हात आयुष्यभर जपून निकामी करून ठेवायचा नसतो. विळीवर चिरताना, भांडी घासताना हातमोजे घाला, सुया आणि रक्तदाब शक्यतो उजव्या हाताला. डावा हात लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

मधल्या काळासाठी ब्लाउजमध्ये सुरुवातीला कापसाचा हलका पॅड ठेवा. जखम पूर्ण भरली आणि रेडिएशनने होरपळलेली कातडी निवली की वजनदार सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घेता येतो. शिंप्याकडून ब्लाउजला आतून कप्पा शिवून घ्या, म्हणजे तो सरकत नाही.

पुढच्या पुनर्रचनेसाठी प्लास्टिक सर्जनना ऑपरेशनआधीच एकदा पुन्हा भेटा आणि पोटावरचे सगळे जुने व्रण दाखवा. सिझेरियनचा किंवा कुटुंब नियोजनाचा खालचा आडवा व्रण सहसा आड येत नाही. पित्ताशयाचा किंवा मधोमध उभा मोठा व्रण येऊ शकतो. सीटी स्कॅन करून वाहिन्या कुठे आहेत ते पाहतात. ते ऑपरेशन सहा ते दहा तासांचं. नंतर पहिले एक-दोन दिवस तासातासाला नव्या स्तनाचा रंग आणि ऊब पाहतात. फिकट, निळसर किंवा गार पडला तर तातडीने पुन्हा थिएटरमध्ये नेतात. पहिला आठवडा-दहा दिवस कंबरेत वाकून चालावं लागतं, उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे घरी कमोडची खुर्ची लागेल. परकराची नाडी टाक्यांवर येते, तेव्हा गाऊनच बरा. जड काम सहा ते आठ आठवडे बंद. नव्या स्तनाला संवेदना फारशी येत नाही. निपल हवं असेल तर काही महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने किंवा गोंदवून करतात. पोट जमणार नसेल तर पाठीचा स्नायू पुढे आणता येतो, त्याच्यासोबत बहुधा इम्प्लांट लागतं. इम्प्लांट घेतलंत तर गुळगुळीत की खडबडीत पृष्ठभागाचं हे विचारा. खडबडीत प्रकाराशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा) संबंध आढळल्याने त्यातले काही २०१९ मध्ये जगभरातून परत घेतले गेले. इम्प्लांटच्या नंबराचा स्टिकर फाइलमध्ये जपा.

पैशांचं: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा आणि पुनर्रचना त्यांच्याकडे कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते आत्ताच विचारा. खासगी विमा असेल आणि ‘हे सौंदर्याचं ऑपरेशन’ म्हणून दावा नाकारला, तर पॉलिसीतलं कॉस्मेटिक सर्जरीचं वगळणीचं कलम उघडा, त्यावर एक्सल ०८ असा कोड असतो. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणीत येत नाही, असं तिथेच लिहिलेलं असतं. त्या ओळीची झेरॉक्स आणि सर्जनचं पत्र जोडून पूर्वमंजुरी मागा, आणि उत्तर लेखी घ्या.